लोखंडापर्यंत आठ पावलं

हबीबचाचा, आपलं भांडण मिटलं. तुम्ही गेल्यानंतर सहाव्या दिवशी, सकाळी, तुमच्याच दुकानात आणि तुमच्याच कॉम्प्युटरवर मिटलं. मी खुर्ची मागे ढकलून उठले आणि "चाचा, हे बघा" असं मोठ्याने म्हणालेसुद्धा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून पाहिलं. मी परत बसले.

पण गोष्ट अशी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो झूम म्हणजे झूम नाहीच, चाचा. तो कॅमेरा चालत जातो.

आता क्रमाने सांगते. हे आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात छापणार आहेत, त्यामुळे तुम्हाला माहीत असलेलंही थोडं सांगावं लागेल. रागावू नका. मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कागदावर सहीपेक्षा जास्त काही लिहिणारी मी पहिलीच.

मी लातूरला आले ती डॉक्टर व्हायला. त्या वर्षी आमच्या गावातून आठ मुलं-मुली आली होती, सगळीच डॉक्टर व्हायला. आमचं गाव म्हणजे भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं, सरळ रस्त्यांचं, नंबरच्या घरांचं गाव. आमचे अण्णा गवंडीकाम शिकले ते तीच घरं बांधताना. तुमच्या गल्लीत तेव्हा दर दुसऱ्या दारावर 'मुलींसाठी खोली' अशी पाटी होती. तुमच्या दारावर दोन पाट्या होत्या. एक तीच आणि दुसरी 'लग्नाचे शूटिंग, मिक्सिंग, जुन्या कॅसेटची सीडी करून मिळेल'. अण्णांनी दोन्ही पाट्या माझ्याकडून वाचून घेतल्या आणि विचारलं, "शूटिंगवाल्याच्या घरी पोरीला ठेवायचं का?" तेवढ्यात शमीमचाची बाहेर आल्या. अण्णांचे सिमेंटने फुटलेले हात बघून त्यांनी आधी पाणी दिलं, मग कोकम तेल दिलं. खोली ठरली.

दोन वर्षं कोचिंग केलं. दोन्ही वर्षं नंबर लागला नाही. दुसऱ्या निकालाच्या दिवशी मी जिन्यात बसून होते. वर जाववत नव्हतं, कारण माझ्या खोलीतल्या दोघींचा लागला होता. तुम्ही दुकानातून आलात, दोन पायऱ्या खाली उभे राहिलात आणि म्हणालात, "पोरी, शूटिंग खराब झालं म्हणून लग्न मोडत नसतं." एवढंच बोलून परत दुकानात गेलात. मला त्या वेळी तुमचा राग आला होता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता हसू येतं.

मी तिथेच बी.एस्सी.ला गेले. खोलीतल्या मुली दर वर्षी बदलत राहिल्या, मी तीच राहिले. आणि तिसऱ्या वर्षी तो प्रोजेक्ट आला.

प्रोजेक्ट हिमोग्लोबिनचा होता. रक्तातला हा रेणू ऑक्सिजन उचलतो आणि शरीरभर पोचवतो. त्याचे चार भाग. प्रत्येक भागात खोल आत एक चपटी चकती, आणि चकतीच्या मधोमध लोहाचा एकच अणू. ऑक्सिजन येऊन बसतो तो त्या एका अणूवर. पुस्तकात हे दोन ओळींत असतं. पण रेणू पडद्यावर उभा करून दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर आमच्या मॅडमनी दिलं होतं. त्यात रेणूचे सगळे अणू खऱ्या जागी असतात. माउसने रेणू फिरवता येतो. त्यात झूमची कमांड असते. कुठे जायचं ते सांगायचं, किती सेकंदांत ते सांगायचं, आणि कॅमेरा तिथे जातो. जातानाचं सगळं दृश्य फिल्म म्हणून साठवता येतं. मी पहिल्यांदा ते केलं तेव्हा श्वास रोखून बसले होते. कोचिंगमध्ये दोन वर्षं मी हिमोग्लोबिन पाठ केलं होतं. ते बघायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर चार भाग दिसले की बंद पडायचा. तुमचा मिक्सिंगचा कॉम्प्युटर मात्र दणकट होता. विचारायला मला आठ दिवस लागले. तुम्ही म्हणालात, "दुपारी लग्नं जेवत असतात, मशीन रिकामंच असतं. बस."

त्यानंतरच्या दुपारी, चाचा, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या. तुम्ही एकीकडे जुन्या कॅसेटची सीडी करत बसायचे आणि मी दुसरीकडे रेणू फिरवत. रेणूच्या साखळ्या पडद्यावर फितींसारख्या दिसायच्या. त्या एकमेकींत गुंतलेल्या बघून चाची म्हणाल्या, "ये क्या, शीरखुर्म्याच्या शेवया?" एकदा देवणीकडचे एक गृहस्थ मुलाच्या लग्नाची सीडी न्यायला आले. पडद्याकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ही कोनाच्या लग्नाची हाय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मोठं घराणं आहे. चार भाऊ एकत्र राहतात." गृहस्थ म्हणाले, "आजकाल कुठं हो असं," आणि सीडी घेऊन गेले. ते लांब जाईपर्यंत मी तोंडावर ओढणी दाबून बसले होते.

माझी पहिली फिल्म मी कॉलेजात दाखवली तेव्हा ती पडली. मॅडमनी विचारलं, "शीतल, आपण नक्की कुठे आहोत?" एका मुलाने चक्कर आल्यासारखं केलं आणि सगळे हसले. त्याच महिन्यात नांदेडला विद्यापीठात निवड होणार होती. प्रत्येक कॉलेजातून एक जण दहा मिनिटं आपलं काम दाखवणार, आणि त्यातल्या काहींना उन्हाळ्याचे दोन महिने तिथल्या प्रयोगशाळेत रेणूंच्या रचनेवर काम करायला घेणार. आमच्या कॉलेजातून माझं नाव गेलं होतं. मला ते हवं होतं. डॉक्टर व्हायचं होतं ते अण्णांना हवं होतं म्हणून. हे मात्र मला स्वतःला हवं होतं, आणि असं काही हवं असण्याची मला सवय नव्हती. अण्णांनी बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता. ते फोनवर म्हणाले होते, "नांदेडचं जमलं तर बघू. न्हाई तर हा भरायचा. पाच वर्स झाली पोरी, मी बी थकलोय आता." बी.एड. वाईट नाही. पण तो फॉर्म भरला की ही शेवयांची गाठ मी पुन्हा कधी उघडणार नव्हते, हे मला माहीत होतं.

कॉलेजात फिल्म पडली त्याच दिवशी मी ती तुम्हाला दाखवली. तुम्ही ती तीनदा बघितली आणि विचारलं, "बीचचा रस्ता कुठं गेला?"

मी म्हटलं, "कुठला रस्ता?"

"आत्ता आपण मांडवाच्या बाहेर होतो. डोळा मिटला आणि उघडला तर नवरीच्या नाकात. मधे गल्ली नाही, दार नाही, माणसं नाहीत. पाहुणा घाबरणारच ना."

तुमचं बरोबर होतं. मी सेकंद घातलेच नव्हते, त्यामुळे कॅमेरा उडी मारत होता. मग मी सेकंद घातले, पण हौसेने त्यात रेणू गरगर फिरवला. तुम्ही म्हणालात, "एका वेळी एक. फिरायचं तर फीर, जायचं तर जा. वरातीतला घोडा आहे का तो?" मी फिरवणं काढलं. आता नवीनच झालं. आत गेलं की रेणूची पुढची बाजू कापल्यासारखी उघडी पडायची, कारण सॉफ्टवेअर तेवढाच पातळ काप दाखवत होतं. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "भिंत पाडून घरात शिरू नये. दार बघ, कुठंतरी असेल."

आणि दार खरंच होतं. दोन घड्यांमध्ये एक फट, जिच्यातून ती चकती तिरकी दिसते. ती सापडली त्या दुपारी मला टाळी वाजवावीशी वाटली होती.

पण तुमचं समाधान होईना. शूटिंगच्या आदल्या दिवशी तुम्ही लग्नघरी जाऊन कॅमेरा न घेता गल्लीपासून मांडवापर्यंत एकदा चालून यायचे, हे मला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या या घरात तू चालली का कधी?" आणि मला अंगणात घेऊन गेलात. तिथे तुम्ही हिमोग्लोबिन मांडलं. शेवग्याच्या झाडाखाली चाचींची परात म्हणजे ती चकती. परातीत मधोमध पितळी तांब्या, तो लोहाचा अणू. खाली त्याला धरून ठेवणारा हिस्टिडिन नावाचा अणुगट असतो, त्याच्या जागी पाट. वाटेत दोन्ही बाजूंना बादल्या, खुर्च्या, एक कुकर. मी पुस्तक हातात धरून सांगत होते आणि तुम्ही हलवत होते. चाची दारात येऊन म्हणाल्या, "परात वापस मिलेगी ना? कणीक मळायचीय."

"दहा मिनिट थांब, ऑक्सिजन येतोय," तुम्ही म्हणालात.

"आने दो. त्यालाबी जेवायचं असेल."

फाटकापासून तांब्यापर्यंत आठ पावलं झाली. म्हणून फिल्ममध्ये आठ सेकंद. चालताना तुम्ही मागून सांगत होते. "बघ, कडेची बादली बाजूला सरकली. आता खुर्ची सरकेल. हे लक्षात ठेव. चालत गेलं की कडेची माणसं बाजूला होतात, वाट देतात. झूम केलं की कुणी सरकत नाही. सगळे जिथल्या तिथं फुगतात. म्हणून झूम केलेलं चित्र चपटं दिसतं, सुनं वाटतं."

इथे आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, "पण चाचा, कमांडचं नावच झूम आहे."

तुम्ही म्हणालात, "मग ती कमांड वापरू नको."

तुम्ही लग्नात झूम करत नव्हते, हे अख्ख्या लातूरला माहीत होतं. पाठवणीच्या वेळी नवरी रडायला लागली की बाकीचे शूटिंगवाले लांबून तिचा चेहरा पडदाभर घ्यायचे आणि मिक्सिंगमध्ये त्यावर फुलं पाडायचे. लोकांना ते हवं असायचं. तुम्ही मात्र कॅमेरा घेऊन चालत तिच्यासमोर जायचे, तिला दिसाल असे. तिला तोंड फिरवायचं असेल तर फिरवू द्यायचे. यामुळे तुमची किती तरी कामं गेली. असं का, हे मी विचारलं, तेव्हा तुम्ही परातीतला तांब्या उचलून कडेला ठेवलात आणि पाटावर बसून ते सांगितलंत.

भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी कुणीतरी तुम्हाला कॅमेऱ्यासकट किल्लारीकडे नेलं होतं. तुम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे होते. लांब दगडांच्या ढिगावर एक बाई एकटीच दगड काढत होती. तुम्ही झूम केला. तिचा चेहरा पूर्ण पडद्यावर आला, आणि तेव्हाच तिने वर बघितलं. ती ओरडली, "लांबून काय बघायलास रं? हिकडं ये. धर ह्यो दगड." तुम्ही कॅमेरा तिथेच ठेवला आणि गेलात.

त्या दगडाखाली काय होतं, ते तुम्ही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. चाची परात घेऊन गेल्या.

मी तरीही वाद घातला, चाचा. मला बोलायला भीती वाटते, पण तुमच्याशी वाटायची नाही. मी म्हटलं, "रेणूला चेहरा नाही. त्याला लाज नाही, दुःख नाही. तो मला 'इकडे ये' म्हणणार नाही. मग त्याला जवळून बघायला काय हरकत आहे? जवळून बघितल्याशिवाय लोहाचा अणू इतकासा हलतो ते कळणारच नाही." आणि ते हलणं हीच तर माझ्या फिल्मची जान होती. ऑक्सिजन बसला की लोहाचा अणू चकतीकडे किंचित ओढला जातो, त्याच्यामागे तो पाट ओढला जातो, पाटामागे अख्खी फीत, आणि त्या एका किंचित हलण्याने चारही भावांना खबर जाते. मला तो अणू पडदाभर हवा होता. तुम्हाला त्याच्याभोवती जागा हवी होती.

तुम्ही म्हणालात, "रेणूला नको विचारू. बघणाऱ्याला तरी विचार. बिचारा समोर बसलाय. त्याला इतक्या आत नेतेस, परत कोण आणणार?"

मी म्हटलं, "उद्या बघू."

हे आपलं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. अंगणात इतकी माणसं होती की बादल्या कुणीतरी भिंतीकडे नेऊन ठेवल्या होत्या. मी जिन्यात बसले होते, निकालाच्या दिवशी बसले होते त्याच पायरीवर. दोन पायऱ्या खाली मी सारखी बघत होते.

मी नांदेडला जाणार नव्हते. चाचींना तसं सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला दुकानाची किल्ली दिली. "ते असते तर धक्के मारून बसमध्ये बसवलं असतं तुला. जा, तुझ्या शेवया घे."

तर ती सहाव्या दिवसाची सकाळ. मी फिल्म उघडली. तुम्ही सांगितलं तसं तांब्याच्या आधी थोडं थांबायचं की मला हवं तसं आत जायचं, हे ठरवायचं होतं. म्हणून मी आठ सेकंदांचे चाळीस केले आणि हळूहळू बघू लागले. आणि मला दिसलं की बादली सरकली.

मी परत लावलं. फटीच्या डाव्या कडेचा एक अणुगट, आपण जिथे बादली ठेवली होती तोच, कॅमेरा आत जाताना बाजूला सरकून पडद्याबाहेर गेला. मग उजवीकडची खुर्ची सरकली. मागची चकती मात्र जिथल्या तिथे होती, फक्त जवळ येत होती. झूममध्ये असं होत नाही, तुम्हीच सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याची जागा विचारली. ते आकडे छापून देतं. सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले. दृष्टीचा कोन तोच, जराही बदललेला नाही. बदललं होतं फक्त अंतर. म्हणजे या कमांडला झूम म्हणत असले तरी ती भिंग मोठं करत नाही, कॅमेऱ्याला पुढे नेते. ती चालते, चाचा. मी इतके दिवस चालत होते आणि मला माहीत नव्हतं. तुम्ही ज्याला नको म्हणत होते ते मी केलंच नव्हतं.

तेव्हाच मी उठून "चाचा, हे बघा" म्हणाले.

एक सांगायला हवं. भांडण मिटलं, पण मी सगळं तुमचं ऐकलं नाही. मी तुमच्यापेक्षा एक पाऊल जास्त आत गेले, कारण ते हलणं दिसायलाच हवं होतं. पण अणूभोवती जागा ठेवली. आणि तो हलला की त्याच वाटेने, त्याच आठ सेकंदांत, बघणाऱ्याला परत फाटकापाशी आणून सोडलं.

मग मी ते सगळं तुमच्या मिक्सिंगमधून सीडीवर उतरवलं, कारण सीडी कुठेही चालते. तुम्ही मला ते एकदाच दाखवलं होतं. मी तुमच्यासारखीच बटणं दाबली.

नांदेडची बस मी पहाटेची धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी ओठांतल्या ओठांत पहिलं वाक्य म्हणत होते. हॉलमध्ये समोर तिघे परीक्षक, मागे बाकीच्या कॉलेजांची मुलं, बहुतेक इंग्रजीत बोलणारी. माझा नंबर आला. सीडी घातली. आणि पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. सनई वाजली. सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' आलं, आणि त्याखाली तुमच्या दुकानाचं नाव.

तुम्ही ते दर वेळी सुरुवातीला आपोआप लागेल असं करून ठेवलं होतं. दुसरं काही काम असलं की तुम्ही ते काढून टाकायचे. मला काढायचं असतं हेच माहीत नव्हतं.

सगळा हॉल हसत होता. मला वाटलं, संपलं, आता बी.एड.च. परीक्षकांत मधोमध बसलेले पांढऱ्या केसांचे सर चष्मा पुसत म्हणाले, "अहो, लग्न कुणाचं आहे?"

आणि चाचा, मला कळलं नाही कसं, पण मी तुमच्याच आवाजात बोलले. मान वर न करता. "लोहाचं आणि ऑक्सिजनचं, सर. पण टिकत नाही. पेशी दिसली की सोडून देतात."

हॉल पुन्हा हसला, पण आता ते हसणं माझ्या बाजूचं होतं. सर म्हणाले, "चला मग, मांडवात घेऊन चला." मी घेऊन गेले. फाटक, फट, डावीकडची बादली, उजवीकडची खुर्ची. मी पाठ केलेलं एकही वाक्य बोलले नाही, नुसती चालत होते आणि जे दिसेल ते सांगत होते. ऑक्सिजन बसला. तांब्या हलला. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे, पूर्ण हललं." मग मी त्यांना परत बाहेर आणलं.

कडेला बसलेल्या परीक्षक मॅडमनी विचारलं, "आत पोचल्यावर फिल्म संपवता आली असती. परत येण्यात आठ सेकंद का घालवले?"

मी म्हटलं, "मॅडम, आत नेलं तर परत आणायला पाहिजे, असं मला शिकवलंय."

"कुणी?"

"माझ्या चाचांनी. ते लग्नाचं शूटिंग करायचे."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. संध्याकाळच्या आत यादी लागली. चाचा, माझं नाव आहे. मेपासून दोन महिने. अण्णांना बूथवरून फोन केला. ते म्हणाले, "ते फारम राहू दे मग. खाटेखाली ठेवतो." थोड्या वेळाने पुन्हा, "हबीबभाईला कळायला पाहिजे होतं गं."

आता एक कबुली. ही सगळ्यात अवघड आहे, म्हणून शेवटी ठेवली.

तुमच्या कपाटात वरच्या खणात एक कॅसेट होती. तिच्यावर तुमच्या अक्षरात दोनच शब्द, 'पुसू नये'. एका शुक्रवारी तुम्ही नमाजला गेला होता, तेव्हा मी ती लावून बघितली. तुम्हाला न विचारता बघितली. तुम्ही पाटावर बसून भूकंपाची गोष्ट सांगितलीत, तेव्हा मला ती आधीच माहीत होती, आणि मी माहीत नसल्यासारखी ऐकली. कॅसेट बघितल्यापासून रोज उद्या सांगू, उद्या सांगू, असं म्हणत राहिले होते.

नांदेडहून आले तर चाची अंगणात बसल्या होत्या. मी त्यांना यादीचं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग म्हणाल्या, "एक फोटो नाही गं घरात. सगळ्या गावाची लग्नं काढली, पण स्वतः कुठंच नाही. कायम कॅमेऱ्याच्या मागे. चेहरा विसरला तर काय करू मी?"

मी त्यांना हाताला धरून दुकानात आणलं. त्यांच्या गुडघ्यांचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही गेल्यापासून तर चार पावलंही आधाराशिवाय होत नाहीत. त्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि पुढच्या टीव्हीवर कॅसेट लावली.

आधी सगळं हलत होतं. मग ढीग दिसला, मग ती बाई, मग तिचा चेहरा जवळ, आणि तिचं ओरडणं. मग चित्र मागे आलं. खाली ठेवण्याआधी तुम्ही सवयीने झूम मागे घेतला होता. कॅमेरा जरा तिरका पडला होता, पण चालू होता. तुम्ही तो बंद करायला विसरला होता. आणि मग कडेने एक तरुण माणूस चित्रात आला. पांढरा शर्ट, बाह्या वर करत. त्याची फक्त पाठ दिसत होती. तो दगडांमधून वाट काढत लांब गेला, लहान होत गेला, आणि त्या बाईच्या समोर जाऊन वाकला. दगडाची दुसरी बाजू धरताना त्याने एकदा मान वर केली. तेवढाच चेहरा. नखाएवढा.

चाची म्हणाल्या, "थोडा जवळ कर ना त्याला."

मी म्हटलं, "होत नाही चाची. टेपमध्ये होत नाही."

त्या बाकाला हात टेकून उठल्या. मी आधार द्यायला गेले तर त्यांनी मला थांबवलं. वाटेत तुमची खुर्ची होती, ती त्यांनी बाजूला केली. मग कॅसेटींचं खोकं होतं, ते पायाने सरकवलं. आणि एकेक पाऊल टाकत त्या टीव्हीपर्यंत गेल्या.